आयसीयूसमोरची बाई आणि कचरू पेंटर

कचरू पेंटरसोबत गुलमंडीतून पैठण गेटपर्यंत चालत जायचं म्हणजे माणसानं घरून डबा बांधूनच निघावं. दर दुकानापाशी हा थांबणार. आत जायला नाही, दुकानाची पाटी बघायला. चष्मा कपाळावर चढवायचा, मान तिरकी करायची आणि मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत असताना भर रस्त्यात म्हणायचं, "अक्का, हा 'ळ' बघा. जेवून अंगणात लवंडल्यासारखा दिसतो का नाय?" मला तो 'ळ' दुसऱ्या कुठल्याही 'ळ'सारखाच दिसायचा. पण हो म्हणावं लागायचं, नाहीतर पेंटर पुढं हलायचा नाही.

शहराचं नाव बदललं तेव्हा लोक काय काय बोलत होते. ह्याचं दुःख वेगळंच. "नाव मोठं झालं, पाट्या तेवढ्याच राहिल्या. आता 'छत्रपती संभाजीनगर' एवढ्याशा पट्टीत बसवायचं म्हणजे अक्षरांना पोट आत घ्यायला लावावं लागतं," असं म्हणायचा. आणि खरंच, आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाच्या पाटीवर त्यानं ते नाव असं बसवलं होतं की वाचताना आपलाच श्वास कोंडावा.

आमचा दवाखाना ट्रस्टचा. फार मोठा नाही, अगदी लहानही नाही. कन्नड, वैजापूर, गंगापूर, लासूर स्टेशन, सगळीकडून माणसं येतात. पेशंट एक आणि त्याच्यासोबत निम्मं घर. मी तिथं कपडाखोली सांभाळायचे. चादरी, अभ्रे, पेशंटचे ते मागून नाड्या बांधायचे अंगरखे, धुवून आले की घड्या घालायच्या आणि वॉर्डात पोचवायच्या. कपडाखोलीच्या मागं एक कडुलिंब आहे, त्याच्याखाली सिमेंटचा ओटा. पेंटर दवाखान्यात आला त्या दिवशी त्या ओट्यावर बसला आणि मग तो ओटा त्याचाच झाला.

उंच, वाळका माणूस. चष्म्याच्या काचांवर ऑइल पेंटचे बारीक ठिपके, त्यामुळं त्याला सगळं जग अधूनमधून निळं दिसत असणार. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी खारीच्या केसांचे ब्रश. अंगाला टर्पेंटाईनचा वास इतका, की तो जिना चढून आला तर औषधाच्या वासातूनसुद्धा आम्हाला आधी कळायचं. नाव कचरू का, तर त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून आईनं ह्याला उकिरड्यावर लोळवून घरी आणला आणि नाव ठेवलं कचरू, म्हणजे यमाला वाटावं ह्यात नेण्यासारखं काही नाही. "यम फसला," तो हसून सांगायचा, "पर गिऱ्हाईकं बी फसली. 'कचरू आर्ट' वाचलं की निम्म्या भावात मागायची."

गाव देवगाव रंगारीकडचं. लहानपणी घरची मेंढरं होती, ती गेली, आणि हा शहरात येऊन शहागंजातल्या एका उस्तादांच्या हाताखाली लागला. त्यामुळं त्याच्या बोलण्याची खिचडी झालेली. अर्धं गावाकडचं, अर्धं शहागंजातलं. उस्तादांचं काही सांगायचं असलं की ते उस्तादांच्याच बोलीत सांगणार. "उस्ताद बोलते थे, हरफ को हवा लगनी चाहिए." म्हणजे अक्षराभोवती मोकळी जागा पाहिजे. हे तो अक्षरांबद्दल म्हणायचा, पण वॉर्डात एका खाटेभोवती सात नातेवाईक उभे दिसले तरी हेच म्हणायचा.

फ्लेक्स आले आणि त्याचा धंदा बसला. पण फ्लेक्सला त्यानं कधी शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणायचा, "उन्हानं आधी लाल रंग उडतो त्यातला. निळा मागं राहतो. दोन उन्हाळे गेले की सगळे पुढारी कृष्णासारखे निळे. चांगलंच हाय की."

आजारी माणसाकडं बघायची त्याची तऱ्हाही अशीच. कावीळ झालेल्या एका मास्तरांना तो रोज सकाळी वॉर्डाच्या दारातून बघायचा आणि मला येऊन सांगायचा, "काल लेमन येलो होते. आज जरा क्रीमवर आलेत." डॉक्टरांनी घरी जा म्हणायच्या आदल्या दिवशीच ह्यानं मास्तरांना सांगून टाकलं होतं, "गुरुजी, तुम्ही आता मूळ रंगावर आलात." मास्तर इतके खूश झाले की म्हणाले, रिपोर्टापेक्षा हे बरं कळतं.

तो आला होता दारांवर नाव-नंबर घालायला. पण आमच्या दवाखान्याची खरी दुखणी होती जिन्याच्या कोपऱ्यांत. गुटख्याच्या पिचकाऱ्या. कितीदा चुना मारला, पाट्या लावल्या, काही उपयोग नाही. मोठ्या डॉक्टरबाई, म्हणजे दवाखाना ज्यांच्या जिवावर चालतो त्या, आम्ही सगळे त्यांना नुसतं 'मोठ्या बाई' म्हणतो, त्यांनी पेंटरला सांगितलं, "सगळीकडं करतात तसं करा. कोपऱ्यात देव काढा. देवावर कुणी थुंकत नाही."

पेंटरनं ब्रश खिशात घातला. "बाई, माफ करा. देवाला थुंकीवर पहाऱ्याला बसवायचं काम मी नाय करत."

"मग काय काढणार?"

"उद्या दाखवतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या कोपऱ्यात त्यानं जेवणाचं ताट काढलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा, वाटीत पिठलं. दुसऱ्या कोपऱ्यात चूल आणि तव्यावर टम्म फुगलेली भाकरी. तिसऱ्यात ताकाचं गाडगं. म्हणाला, "अन्नावर थुंकणारा माणूस आपल्याकडं अजून जन्मला नाय."

एक जन्मलेला निघाला. एका तरण्या माणसानं सवयीनं कांद्यावर पिचकारी मारली. तेवढ्यात वरून वैजापूरकडची एक म्हातारी जिना उतरत होती. ती तिथंच थांबली. "अन्नावर थुकतो का रं? तुझ्या आयनं तुला हेच शिकवलं?" तो म्हणाला, "आजी, चित्र हाय ते." म्हातारी म्हणाली, "चित्र हाय म्हनूनच अजून गप हाय मी. पूस." त्यानं स्वतःच्या रुमालानं कांदा पुसला. पेंटर खालच्या पायरीवर उभा राहून हे सगळं ऐकत होता. मला वाटलं, खूश असेल. तर ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "म्हातारी भाकरी बघून रागावली अक्का. चित्र बघून नाय."

त्याची ती जुनी सल होती. ती त्यानं मला एकदाच नीट सांगितली. सारं आयुष्य पाट्या रंगवल्या. लोक पाटी वाचतात, 'चप्पल मार्ट' वाचतात आणि आत शिरतात. पाटी बघत कुणी नाही. "काच असती ना खिडकीची, तसं. कुणी काचंकडं बघतं का? पलीकडचं बघत्यात." मरायच्या आधी कुणीतरी एकानं तरी आपण काढलेल्याकडं नुसतं बघावं, वाचू नये, पाया पडू नये, खरेदीला आत जाऊ नये, एवढी त्याची इच्छा. ती तो हसण्यावारी सांगायचा, पण सांगताना हातातला ब्रश उगाच कापडावर पुसत राहायचा.

ताटाच्या चित्रांमुळं मोठ्या बाईंना कळलं की हा माणूस नुसता नंबर घालणारा नाही. घरी अजून काही आहे का, विचारलं. होतं. जुन्या पाट्यांच्या मागच्या बाजूला, उरलेल्या रंगात काढलेलं. लासूर स्टेशनचा कांद्याचा बाजार, वेरूळच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बाया, तळ्यात बसलेल्या म्हशी, पावसाळ्याच्या तोंडचं डोंगराचं काळं पोट. बाई म्हणाल्या, आणा सगळी, भिंती मोकळ्याच आहेत. टेम्पो भरून चित्रं आली. पेंटरनं स्वतः खिळे ठोकले. मग रोज काही ना काही निमित्त काढून तो भिंतीशी उभा. खिळा हलतोय का, फळी वाकडी झाली का. खरं तर माणसं काय म्हणतात ते ऐकायला. माणसं म्हणायची, "भेट रे, सीताफळाच्या चित्राखाली." किंवा "रक्त तपासायचं कुठं? म्हशीपासून डाव्या हाताला." पत्ता म्हणून चित्रं फार चालली.

आणि मग तो पुरुषांच्या वॉर्डातला गोंधळ झाला. आमची शोभा झाडलोट करायची. मन लावून काम करणारी बाई. तिनं एक दिवस वॉर्डातलं चित्र उतरवून पुसलं आणि परत टांगताना उलटं टांगलं. दोन्ही बाजू रंगवलेल्या, तिला वाटलं हीच पुढची. आणि ती फळी नेमकी कुठल्या दुकानाची होती, तर सकाळी सगळा वॉर्ड उठून बघतो, समोरच्या भिंतीवर लालभडक अक्षरांत, 'अंत्यविधीचे सर्व साहित्य मिळेल. रात्रंदिवस सेवा.' एका आजोबांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. दोघांनी डिस्चार्ज मागितला. तिसरा शांतपणे नर्सला म्हणाला, "सिस्टर, सोय चांगलीये, पण एवढी जवळ नको." पेंटर धावत वर आला, फळी उलटवली. तिथं म्हशी परत तळ्यात बसल्या. सगळ्यांची माफी मागितली आणि ओट्यावर येऊन मला हळूच म्हणाला, "पण अक्का, तीस वर्षांपूर्वीचा लाल हाय तो. अजून जरा बी उडला नाय."

आता त्या बाईचं सांगते.

पारूबाई धनगराची. तिचा नवरा धोंडिबा फुप्फुसात पाणी झालं म्हणून आयसीयूत होता. आयसीयूच्या दारासमोर बाकं आहेत, पण ही खाली घोंगडी टाकून भिंतीला टेकून बसायची. मांडीवर गाठोडं, नजर दारावर. दार उघडलं की नजर आत, मिटलं की दारावर. पेंटर तेव्हा फरशीवर पिवळा पट्टा मारत होता, पेशंटची गाडी जायची वाट दाखवायला. तिच्यापाशी आला.

"बाई, पाय उचला. पट्टा मारायचाय."

"मार की. माझं पाय काय तुझ्या वाटंत हायेत?"

"तुमचं पाय वाटंतच हायेत."

"मंग वाकडा घे पट्टा. मी काय हालनार नाय हितनं."

आणि खरंच, आजही तिथं तो पट्टा जरा वळसा घेऊन गेलेला आहे. स्ट्रेचर ढकलणारे अजून विचारतात, इथंच वाकडा का. बोलता बोलता निघालं की पारूबाईची वाडी पेंटरच्या गावाच्या अंगालाच. मग कोणाची मेंढरं, कोणाची विहीर, असं चालू झालं. पण बोलतानाही तिची नजर दारावरून ढळायची नाही. धोंडिबा बरा झाला. दोघं गावाला गेले.

त्यानंतर पेंटरनं पहिल्यांदा नवी कोरी फळी आणली. मागं काहीही लिहिलेलं नसलेली. कडुलिंबाखाली ती उभी केली आणि पारूबाई काढायला घेतली. घोंगडी, गाठोडं, भिंत, हात, सगळं झालं. चेहरा झाला. डोळे शेवटी. "मूर्तीवाल्यांकडं बी डोळे शेवटीच असत्यात," म्हणाला. गणपतीच्या आधी तो दरवर्षी मूर्तिकारांकडं डोळ्यांच्या आखणीला जायचा, नवरात्राआधी देवीच्या. डोळे काढताना बोलायचा नाही, चहा नाही, काही नाही. झालं तेव्हा मी चादरी टाकून बघायला गेले, आणि काय सांगू, बाई फळीतून बघत होती. मी इकडं सरकले तर इकडं, तिकडं तर तिकडं. पेंटर मागं उभा राहून माझ्याकडं बघत होता. मी परत एकदा इकडून तिकडं सरकून बघितलं. त्याला तेच पुरलं असावं.

चित्र आयसीयूसमोर लागलं. जिथं ती बसायची, त्याच भिंतीवर.

पहिलं कुंकू कुणी लावलं ते ठाऊक आहे. पैठणकडची एक बाई, तिचा मुलगा मशीनवरून निघाला आणि आपल्या आपण श्वास घ्यायला लागला. तिनं बाहेर येऊन चित्राच्या कपाळाला कुंकू टेकवलं. मग दुसरीनं. मग बांगड्या आल्या, खणाची ओटी आली, नारळ आले. आठवड्याभरात चित्राचं नाव पडलं 'दवाखान्याची आई'. माणसं चप्पल काढून पुढं यायची. पेंटर सुरुवातीला सांगत सुटला, "अहो, देवी नाय ती. बाई हाय. देवगावकडची. नाव पारू." लोक म्हणायचे, "पारू म्हणजे पार्वतीच की."

त्यानं उपाय केले. एक दिवस चित्रातल्या गाठोड्याशेजारी स्टीलचा डबा आणि मोबाइल काढला, म्हणजे तरी कळेल ही आपल्यातलीच. लोक म्हणाले, आई आता फोनवर पण ऐकते. एक माणूस खरंच कानाला मोबाइल लावून चित्रासमोर नवस बोलताना मी बघितला. मग पेंटरनं वरच्या पापण्या जरा खाली आणल्या. लोक म्हणाले, आई आता मायेनं बघती.

तेव्हा तो ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "चूक माझीच हाय, अक्का. लोकांची नाय."

"तुझी कशी?"

"मूर्तीचं बुब्बुळ कसं असतं, मधोमध. वर-खाली पांढरं सोडायचं, म्हणजे देव सगळ्यांकडं बघतो. माणसाचं तसं नसतं. वरच्या पापणीत जरा बुडालेलं असतं. पर माझा हात इतकी वर्षं देवाचे डोळे आखतोय. पारूचे काढता काढता देवीचे काढून बसला. आता पापणी खाली घेऊन काय उपेग? नजर तीच राहिली."

"मग पुसून नवे काढ."

"नवे बी तसेच येतील." हात पुढं करून स्वतःच्याच बोटांकडं बघत बसला.

इकडं उदबत्त्या सुरू झाल्या. सिक्युरिटीवाला विझवायचा, लोक परत लावायचे. एकानं तर आग विझवायचं ते लाल नळकांडं असतं ना भिंतीला, त्याच्यावर केळं ठेवून केळ्यात उदबत्ती खोचली. मोठ्या बाई राउंडला आल्या, त्यांनी ते बघितलं. पेंटरला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. "पेंटर, ह्या दवाखान्यात मला सगळ्यात आवडतं ते हे चित्र. पण आत ऑक्सिजन आहे. सोमवारी मला इथं एक उदबत्ती दिसली, तर चित्र मी उतरवणार. आणि परत लावणार नाही."

पेंटर 'हौ' म्हणाला आणि जिना उतरला.

त्याच आठवड्यात पारूबाई आली. धोंडिबाला तपासणीला घेऊन. तिला ह्यातलं काही माहीत नाही. मी चादरींची गाडी घेऊन वर होते, म्हणून सगळं समोर घडलं. ती जिना चढून आली आणि थबकली. समोर तिचं चित्र, कपाळ कुंकवानं माखलेलं, आणि त्यावर झेंडूचा हा एवढा हार. आता फोटोला हार म्हणजे काय, ते आपल्याकडं लहान पोरालासुद्धा कळतं.

"आवो," ती नवऱ्याला म्हणाली, "ही मीच हाय का?"

धोंडिबानं जवळ जाऊन निरखलं. "तूच हायस."

"मंग मी मेले का काय?"

"मला तर काय कळवलं नाय कुणी," धोंडिबा म्हणाला.

तिथं ओटी घेऊन उभी असलेली एक बाई चित्राकडं बघते, पारूबाईकडं बघते, परत चित्राकडं, आणि सरळ पारूबाईच्या पायावर डोकं टेकवते. पारूबाई उडी मारून मागं सरकली. "अगं बया, ऊठ. माझ्या पाया पडून काय व्हतंय? माझी शेळी परवापास्नं चारा खाईना, ती माझ्यानं बरी व्हईना." तेवढ्यात टर्पेंटाईनचा वास आला. पेंटर.

"काय रं पेंटर, जित्या माणसाला हार?"

"म्या नाय घातला. लोकांनी घातला."

"लोकांनी घातला, तुला काढता आला नाय?" तिनं स्वतः हार उतरवला, घडी करून त्याच्या हातात दिला.

मग सगळे ओट्यावर बसले. मी चहा मागवला. पेंटरनं तिला सगळं सांगितलं, सोमवारचंही. पारूबाई बशीतला चहा फुंकत ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "आसं कर. डोळं मिट माझं."

"म्हंजी?"

"मिट म्हंजी मिट. लई दिस झालं बसवलंस मला त्या दाराकडं बघत. ह्यो बघ," तिनं नवऱ्याकडं हात केला, "घरी येऊन हुरडा खाऊन ढेकर देतोय. अन् मी अजून हितं जागीच. झोपू दे की मला."

पेंटरनं कप खाली ठेवला. "पारूबाई, त्या चित्रात डोळेच तर हायेत. बाकी काय हाय? भिंत हाय."

"मंग भिंत चांगली रंगव," ती म्हणाली आणि उठली. धोंडिबाची एस.टी. चुकली असती.

दोन दिवस पेंटर दिसला नाही. रविवारी दुपारी आला. भेटीची वेळ संपली होती, आयसीयूसमोर दोन-चार माणसंच. त्यानं चिंधीनं कुंकू पुसलं, हळदीचे डाग पुसले. डब्याच्या झाकणावर कातडीचा रंग कालवला. मी स्टूल धरलं. उजव्या हाताखाली आधाराची काठी घेतली आणि कितीतरी वेळ ब्रश नुसता हवेत धरून उभा राहिला.

"उस्ताद बोलते थे," तो चित्राकडंच बघत म्हणाला, "देवाचे डोळे उघडायचे त्या दिवशी तोंडात पाणी घ्यायचं नाय. मिटायचे असले तर काय करायचं, ते नाय सांगितलं त्यांनी."

मी स्टूल आणखी घट्ट धरलं. त्यानं उजवा डोळा मिटला. मग स्टुलावरून उतरून लांब जाऊन बघितलं. एक डोळा मिटलेला, एक उघडा. आयसीयूतली सिस्टर औषध घ्यायला बाहेर आली होती, ती फिस्सकन हसली. "पेंटरकाका, मावशी डोळा मारतायत." पेंटरलाही हसू आलं. हसता हसता चष्मा काढून बाहीनं डोळे पुसले आणि मग चढून दुसरा मिटला. जास्त वेळ लावला नाही. पापणीला बारीक केस काढले, गालावर सावली घेतली, मान पहिल्यापेक्षा जरा भिंतीला जास्त कलली असं वाटायला लागलं. खरं तर मान तीच होती.

सोमवारी सकाळी बाया आल्या. हातात हळदीकुंकवाची पंचपाळं. पहिली पुढं झाली आणि थांबली. मागचीला हातानं अडवलं. "निजलीये."

"मंग?"

"मंग काय, उठवती का तिला?"

देवळातसुद्धा शेजारती झाली की पडदा ओढतात. झोपलेल्या देवाला कुणी कुंकू लावत नाही, आणि उदबत्तीचा धूर तर नाहीच नाही. त्या बाया संध्याकाळी परत आल्या, तरी आई निजलेलीच. दुसऱ्या दिवशीही. "दमली आसंल," म्हणाल्या. मोठ्या बाई राउंडला आल्या, उभ्या राहिल्या. कुठं उदबत्ती दिसते का बघितलं आणि पुढं गेल्या. जाताना पेंटरच्या खांद्यावर हात ठेवला. हळूहळू ओट्या थांबल्या, नारळ थांबले. एक नवंच झालं, आयसीयूसमोरचा कालवा कमी झाला. मोबाइलवर मोठ्यानं बोलणारा माणूस चित्राकडं बघून जिन्यात जायचा. पोरं रडली की आया म्हणायच्या, "हळू, ती बाई झोपली बघ." 'बाई' म्हणायच्या, 'आई' नाही. हे मी पेंटरला मुद्दाम सांगितलं.

"व्हय," तो म्हणाला. "आता तिला कुणी उठवत नाय. पर बघत बी नाय कुणी. झोपलेल्या माणसाकडं कोण बघत बसतं?"



पुढं त्याचे गुडघे गेले. शिडी चढणं बंद झालं. जालन्याची लेक म्हणाली, बाबा, आता पुरे, चला. तो काही फार हटून बसला नाही. निघायच्या दिवशी दवाखान्यात आला. सगळ्या वॉर्डांतून फिरला, जिन्यातल्या ताटाला रंगाचा एक हात मारला. लेकीनं खाली रिक्षा थांबवली होती. शेवटी माझ्यासोबत वर आला. आयसीयूच्या आधी वळणावर कपड्यांचं मोठं कपाट आहे, तिथपर्यंत आलो आणि त्यानं माझं कोपर धरलं.

चित्रासमोर एक माणूस उभा होता. पन्नाशीचा असेल, धोतर, खांद्यावर टॉवेल. शेतकरी दिसत होता. त्याचं कुणीतरी आत असणार. हात जोडलेले नव्हते. दोन्ही हात पाठीमागं घेतलेले. तो चित्राच्या जवळ गेला, मागं सरकला, मान तिरकी केली. मग वाकला आणि चित्रातल्या पारूबाईची टाच बघायला लागला. घोंगडीच्या कडेला तिची एक टाच बाहेर आलेली होती, पेंटरनं तिच्या भेगा काढल्या होत्या. मी इतके दिवस जात-येत होते, मला दिसल्या नव्हत्या. तो माणूस बराच वेळ ती टाच बघत राहिला. मग चपलेतून स्वतःचा पाय काढला, गुडघ्यात दुमडून वर घेतला, आपली टाच बघितली, आणि परत चित्राची.

पेंटर माझ्या कानाशी बोलला, "बघतोय."

"मग जा की पुढं," मी म्हटलं. "सांग त्याला, तू काढलंय म्हणून."

खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. लेकीची हाक जिन्यातून वर आली. पेंटर कपाटाला आणखी चिकटून उभा राहिला. चष्मा कपाळावर, एक डोळा आणि अर्धं नाक तेवढं कपाटाबाहेर.

"नको अक्का," तो म्हणाला. "मी पुढं गेलो तर तो माझ्याकडं बघंल."